ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे दुखणे आणि इंजिनचे सेन्सर

आडवाट (धाग्याची सुरुवात)

गेल्या वर्षी माझ्या गाडीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सने जवळजवळ आठ महिने त्रास दिला. दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरमध्ये जाताना इंजिनचा आवाज क्षणभर चढायचा, आरपीएमचा काटा दोनशे-तीनशेने वर जायचा आणि मग गिअर पकड घ्यायचा. सुरुवातीला हे फक्त चढावर व्हायचे, नंतर सपाट रस्त्यावरही होऊ लागले. एका गॅरेजमध्ये गाडी चालवून पाहिल्यानंतर गिअरबॉक्सचे क्लच गेले आहेत आणि तो उतरवून पूर्ण उघडावा लागेल, असे सांगण्यात आले. दोष निघाला तो गिअरबॉक्सपासून हातभर दूर, एअर फिल्टर आणि थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) यांना जोडणाऱ्या रबरी नळीच्या घडीत. या प्रकरणात जे समजले ते सविस्तर मांडावेसे वाटले, कारण अशा तक्रारींत चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा प्रकार फार वेळा होत असावा, असे मला आता वाटते.

आधी मूळ मुद्दा सांगतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या आत जे क्लच असतात, ते ऑइलच्या दाबाने एकमेकांवर आवळले जातात. किती दाब द्यायचा हे ठरवण्यासाठी इंजिन या क्षणी किती जोर लावत आहे, म्हणजे टॉर्क किती आहे, हे गिअरबॉक्सच्या संगणकाला माहीत असावे लागते. पण हा टॉर्क प्रत्यक्ष मोजणारे उपकरण बहुतेक गाड्यांत नसतेच. इंजिनात किती हवा आली, थ्रॉटल किती उघडा आहे, ठिणगी कोणत्या अंशावर पडते आहे, इंजिन किती वेगाने फिरते आहे आणि किती तापलेले आहे, यांवरून इंजिनचा संगणक टॉर्कचा अंदाज काढतो आणि तो आकडा गिअरबॉक्सच्या संगणकाकडे पाठवतो. या अंदाजावर विसंबून गिअरबॉक्स दाब ठरवतो. आकडा खऱ्यापेक्षा कमी आला, तर दाब कमी पडतो, क्लच पकडण्याआधी घसरतात, घर्षणाने तापतात आणि त्यांच्या पट्ट्यांचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होत जातो. आकडा जास्त आला, तर दाब वाढतो आणि प्रत्येक गिअरला झटका बसतो. आडातच नसेल, तर पोहऱ्यात कुठून येणार? गिअरबॉक्सची यंत्रणा कितीही चांगली असली, तरी तिला मिळणारी माहिती चुकीची असेल, तर निर्णय चुकणारच.

माझ्या गाडीत नेमके हेच झाले होते. हवा मोजणारा सेन्सर फिल्टरच्या तोंडाशी बसलेला आणि रबरी नळी त्याच्या पुढे. त्या नळीच्या खालच्या घडीला भेग पडली होती. इंजिन नुसते सुरू असताना भेग मिटलेली राहायची. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन आपल्या मांडणीवर (ज्या रबरी आधारांवर ते बसवलेले असते त्यांवर) थोडे कलायचे, नळी ताणली जायची आणि भेग उघडायची. सेन्सरला चुकवून आलेली ती हवा हिशेबात धरली जात नव्हती. ऑक्सिजन सेन्सरमुळे इंजिन त्या हवेला पुरेल इतके इंधन वाढवून घेत होते, त्यामुळे ओढ फारशी कमी झाली नव्हती, पण गिअरबॉक्सला कळवलेला टॉर्क मात्र प्रत्यक्षापेक्षा कमी होता. गॅरेजमध्ये जागेवर उभ्या गाडीची तपासणी झाली, त्यात काहीच सापडले नाही, याचे कारणही हेच आहे.

इंजिनचा दिवा एकदाही लागला नाही. मी घरी घेतलेल्या साध्या स्कॅनरवर चालत्या गाडीतले इंधन-सुधारणेचे, म्हणजे संगणक ठरलेल्यापेक्षा किती टक्के इंधन वाढवतो किंवा घटवतो याचे, आकडे नोंदवले (स्कॅनर शेजारी बसलेल्या माणसाच्या हातात होता), तेव्हा उभ्या गाडीत २-३ टक्के असलेला आकडा चढावर १८ टक्क्यांपर्यंत जाताना दिसला. इंजिन निरोगी असेल, तर हा आकडा साधारण ५ टक्क्यांच्या आत-बाहेर राहतो. मिश्रण पातळ (हवेच्या मानाने इंधन कमी) असल्याचा दोषाचा कोड, म्हणजे पी ०१७१, उमटण्यासाठी बऱ्याच गाड्यांत याहून मोठी तफावत काही काळ टिकून राहावी लागते, आणि माझी गाडी त्या मर्यादेच्या अलीकडेच आठ महिने चालत राहिली.

नळी बदलली. गिअर पडताना आवाज चढणे बरेच कमी झाले, पण पूर्ण थांबले नाही. त्याविषयी पुढे लिहीन. कोणाचे असे अनुभव असल्यास अवश्य लिहावेत.

कुतूहल

लेख आवडला. माझा प्रश्न अगदी प्राथमिक आहे. हवेच्या सेन्सरखेरीज इंजिनचे आणखी कोणते सेन्सर गिअरबॉक्सवर असा परिणाम करतात, आणि त्यांची देखभाल म्हणजे नेमके काय करायचे? सेन्सर हा काही ऑइलसारखा ठरावीक अंतराने बदलण्याचा भाग नाही ना?

जुना कारागीर

मी बरीच वर्षे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचीच कामे करतो, म्हणून या प्रश्नाचे उत्तर थोडे विस्ताराने देतो.

गिअरबॉक्सने इंजिनला विचारून चालणे ही काही संगणकाच्या काळातली गोष्ट नाही. जुन्या गाड्यांत थ्रॉटलपासून गिअरबॉक्सपर्यंत एक तार यायची, किंवा इंजिनच्या निर्वाताची एक नळी गिअरबॉक्सवरच्या लहान डबीला जोडलेली असायची. तार सैल झाली की गिअर लवकर आणि ढिले पडायचे, आणि क्लच जळायचे. डबीतला पडदा फाटला की गिअरबॉक्सचे ऑइल त्या नळीतून इंजिनात ओढले जायचे आणि मागून पांढरा धूर यायचा. तारेचे काम आता आकडा करतो आणि तो इंजिनच्या संगणकाकडून तारांच्या एका जोडीवरून येतो. बॉशने १९८६ मध्ये मांडलेली कॅन ही संदेशवहनाची पद्धत आज बहुतेक गाड्यांत त्यासाठी वापरली जाते. तार सैल झालेली डोळ्यांना दिसायची, आकडा चुकलेला मात्र मुद्दाम पाहिल्याशिवाय दिसत नाही.

आता सेन्सरांविषयी. ॲक्सिलरेटरच्या पायपट्टीवरचे आणि थ्रॉटलवरचे स्थितिदर्शक सेन्सर यांवरून गिअर केव्हा बदलायचा हे ठरते. हे सेन्सर जोडीने असतात, पायपट्टीच्या सेन्सरात बऱ्याच गाड्यांत एकाचे व्होल्टेज दुसऱ्याच्या साधारण निम्मे असते आणि दोन्ही जुळतात का हे संगणक सतत ताडून पाहतो. एखाद्या ठिकाणी सेन्सर झिजून आकडा थरथरू लागला, तर पाय स्थिर असूनही गाडी वरच्या आणि खालच्या गिअरमध्ये येरझारा घालते, किंवा टॉर्क कन्व्हर्टरचे (इंजिनचा जोर ऑइलमार्फत गिअरबॉक्सला देणाऱ्या भागाचे) कुलूप, म्हणजे त्याच्या दोन्ही बाजू घट्ट जोडणारा क्लच, लागते-सुटते, लागते-सुटते.

कूलंटचे तापमान सांगणाऱ्या सेन्सरकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते आणि माझ्या मते सर्वांत जास्त लक्ष त्याकडेच द्यायला हवे. इंजिन पुरेसे तापेपर्यंत अनेक गाड्यांत कन्व्हर्टरला कुलूप लागत नाही आणि सर्वांत वरचा गिअरही पडत नाही. थर्मोस्टॅट उघडा अडकला, किंवा सेन्सर खऱ्यापेक्षा कमी तापमान सांगू लागला, तर गाडी मैलोगणती कुलपाशिवाय धावते. कुलूप नसताना कन्व्हर्टरमधले ऑइल सतत घुसळले जाते आणि त्या घुसळणीतून उष्णता निर्माण होते. म्हणजे इंजिन थंड आहे असे समजून गिअरबॉक्स स्वतः तापत राहतो. इंजिन अपेक्षित तापमानाला पोहोचत नसल्याचा कोड पी ०१२८ आहे. गिअरबॉक्सची तक्रार घेऊन आलेल्या गाडीत हा कोड दिसला, तर मी आधी थर्मोस्टॅट बदलून घेण्याचा आग्रह धरतो. उलट बाजूही आहे. बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्सचे ऑइल रेडिएटरमधून किंवा कूलंटच्या साहाय्याने थंड होते आणि पंखा कधी लावायचा हे याच सेन्सरवरून ठरते, म्हणून पंखा उशिरा लागला तरी ऑइल तापतेच.

क्रँकचा (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याचा) सेन्सर इंजिनचा वेग सांगतो आणि गिअरबॉक्सच्या आतला सेन्सर कन्व्हर्टरच्या पलीकडच्या बाजूचा वेग सांगतो. या दोहोंतली तफावत म्हणजे कन्व्हर्टरमधले घसरणे. क्रँकच्या सेन्सरचा आकडा मधूनच तुटत असेल, तर हे गणित बिघडते आणि नसलेले घसरणे संगणकाला दिसू लागते.

देखभालीविषयी आपले म्हणणे बरोबर आहे. यांपैकी बहुतेक सेन्सरांना बदलण्याची मुदत नसते. त्यांची देखभाल म्हणजे त्यांच्या भोवतालची देखभाल आहे. एअर फिल्टर वेळेवर बदलणे आणि तो झाकणात नीट बसला आहे का हे पाहणे, कूलंट मुदतीत बदलणे, थ्रॉटल बॉडीतली काजळी काढणे, जोडण्यांत गंज किंवा ऑइल शिरले आहे का हे पाहणे आणि इंजिनच्या अर्थिंगच्या तारा घट्ट ठेवणे, एवढ्यातच बरेचसे येते. बॅटरी आणि अल्टरनेटर यांचेही तेच. अनेक सेन्सरांना ५ व्होल्टचा एकच सामाईक पुरवठा असतो आणि त्यांपैकी एकात शॉर्ट झाला, तर सगळ्यांचे आकडे एकदम बिघडतात. अशा वेळी स्कॅनरवर सात-आठ कोड एकत्र दिसतात आणि माणूस घाबरून सगळे सेन्सर बदलून बसतो.

हवेचा सेन्सर मात्र साफ करता येतो. तो फक्त त्यासाठीच मिळणाऱ्या फवाऱ्याने साफ करावा. ब्रेक किंवा कार्ब्युरेटरचा क्लीनर वापरू नये, आतली तार किंवा पातळ पट्टी बोटाने, कापसाने, कशानेही पुसू नये आणि पूर्ण सुकल्याशिवाय जोडू नये. तेल लावलेले, धुऊन परत वापरायचे फिल्टर ज्यांनी बसवले आहेत, त्यांनी तेल बेताने लावावे, कारण जास्तीचे तेल थेट त्या तारेवर जाऊन बसते.

निरीक्षक

एक वेगळा मुद्दा मांडतो, तो विरोधासाठी नाही. मी अगदी उलट्या वाटेने गेलो. गिअर उशिरा पडत होते, म्हणून मी थ्रॉटल बॉडी साफ केली, हवेचा सेन्सर बदलला, कूलंटचा सेन्सर बदलला, आणि त्यात सहा महिने गेले. शेवटी दोष व्हॉल्व्ह बॉडीतल्या (गिअरबॉक्समध्ये ऑइलचा दाब वाटून देणाऱ्या भागातल्या) झिजलेल्या एका छिद्रात निघाला. दाब तिथून गळत होता आणि तोपर्यंत तिसऱ्या गिअरचा क्लच काळा पडला होता. धाग्याचे शीर्षक वाचून कोणी सरसकट सेन्सरांच्या मागे लागला, तर त्याचेही असेच नुकसान होऊ शकते. मला वाटते, पहिली तपासणी गिअरबॉक्सच्या ऑइलचीच असायला हवी. पातळी कमी असेल किंवा ऑइलला जळका वास असेल, तर आधी तिकडे पाहावे.

आडवाट

आपला मुद्दा मान्य आहे आणि तो मूळ लेखनात यायला हवा होता. ऑइलची पातळी आणि अवस्था सर्वांत आधी पाहावी, आणि तीही निर्मात्याने सांगितलेल्या तापमानाला, कारण थंड आणि गरम ऑइलच्या पातळीत बराच फरक पडतो. माझे म्हणणे एवढेच आहे की ऑइल पाहिल्यावर आणि गिअरबॉक्स उतरवण्याआधी इंजिनकडून जाणारी माहिती तपासण्याची जी एक पायरी आहे, ती वगळू नये. त्यासाठी एकही भाग बदलावा लागत नाही, फक्त आकडे वाचावे लागतात. भाग बदलून दोष शोधणे आणि आकडे वाचून दोष शोधणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

जुना कारागीर

दोघांशीही सहमत आहे. आकडे कसे वाचावेत याच्या काही साध्या रीती सांगतो.

रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचे इंजिन सुरू न करता फक्त चावी फिरवावी आणि कूलंटचे, आत येणाऱ्या हवेचे आणि गिअरबॉक्सच्या ऑइलचे तापमान वाचावे. तिन्ही आकडे जवळपास सारखेच हवेत. एखादा दहा-पंधरा अंशांनी वेगळा दिसला, तर तो सेन्सर किंवा त्याची जोडणी संशयास्पद आहे. कूलंटचा सेन्सर पूर्ण तुटला, तर संगणकाला ते कळते, तो पर्यायी आकडा धरतो आणि दिवा लावतो. पण जुन्या सेन्सरचा आकडा हळूहळू सरकत गेला, तर दिवा लागत नाही आणि महिनोन्महिने चुकीचा आकडा खरा मानला जातो. ही तपासणी पाच मिनिटांची आहे आणि ती मी प्रत्येक गाडीवर करतो.

हवेच्या सेन्सरसाठी ढोबळ पडताळा असा, की तापलेले इंजिन जागेवर सुरू असताना सेकंदाला जितके ग्रॅम हवा दिसते, तो आकडा इंजिनच्या लिटरमधल्या आकाराच्या आसपास असतो. दोन लिटरच्या इंजिनला साधारण दोन ग्रॅम. तार मळलेली असेल, तर जागेवर आकडा बरोबर किंवा थोडा जास्तही दिसू शकतो आणि पूर्ण जोर लावल्यावर मात्र कमी दिसतो, म्हणून चालत्या गाडीतल्या इंधन-सुधारणेचे आकडे त्याच्या जोडीने पाहावेच लागतात. आडवाट यांनी ते पाहिले म्हणून भेग सापडली.

आणि पी ०७०० दिसला म्हणून गिअरबॉक्स गेला असे समजू नये. तो फक्त सांगतो की गिअरबॉक्सच्या संगणकाकडे काही नोंद आहे. ती नोंद त्या संगणकातूनच वाचावी लागते, आणि साध्या स्कॅनरवर ती पुष्कळदा दिसत नाही.

साधा चालक

माझ्या गाडीत ताशी ६० ते ७० किलोमीटरच्या वेगाला, पाय अगदी हलका असताना, खडबडीत पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथर जाणवते. कन्व्हर्टरचे कुलूप खराब झाले आहे असे मला सांगितले आहे. इंजिनच्या सेन्सरमुळे असे होऊ शकते का?

जुना कारागीर

होऊ शकते, आणि इथेच सर्वांत जास्त चुका होतात. कुलूप लागताना होणारी थरथर आणि इंजिनचे हलके मिसफायर (एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटणे) बसणाऱ्याला सारखेच जाणवतात. रिकाम्या, सरळ रस्त्यावर थरथर चालू असताना ब्रेकला फक्त दिवा लागेल इतकाच स्पर्श केला, तर कुलूप सुटते. थरथर थांबली, तर बहुतेक जण कन्व्हर्टरला दोष देऊन मोकळे होतात. पण कुलूप लागलेले असताना इंजिन चाकांशी घट्ट जोडलेले असते, म्हणून मिसफायरचा प्रत्येक धक्का गाडीभर पोहोचतो. कुलूप सुटले की मधले ऑइल तो धक्का शोषून घेते. म्हणजे मिसफायर असले, तरी या तपासणीत थरथर थांबू शकते. म्हणून त्याच वेळी प्रत्येक सिलिंडरच्या मिसफायरची मोजणी आणि कन्व्हर्टरमधले घसरणे हे दोन आकडे शेजारी बसलेल्या माणसाने वाचावेत. घसरणे स्थिर असून मोजणी वाढत असेल, तर स्पार्क प्लग, कॉइल, इंजेक्टर पाहावेत. मोजणी शून्य असून घसरणे वर-खाली उड्या मारत असेल, तर दोष कुलपात किंवा ऑइलमध्ये आहे. काही गिअरबॉक्स कुलूप लागल्यावरही मुद्दाम थोडे घसरणे राखतात, त्यामुळे आकडा शून्यच हवा असा हट्ट धरू नये.

कुतूहल

पट्ट्यावर चालणाऱ्या, म्हणजे सीव्हीटी गिअरबॉक्सलाही हे सगळे लागू आहे का?

आडवाट

माझ्या वाचनाप्रमाणे तिथे ते अधिकच लागू आहे. सीव्हीटीत पोलादी पट्टा दोन पुलींच्या शंकूच्या आकाराच्या चकत्यांमध्ये दाबून धरलेला असतो, आणि किती जोराने धरायचा हे टॉर्कच्या त्याच अंदाजावरून ठरते. अंदाज कमी आला आणि पट्टा घसरला, तर पुलीच्या पृष्ठभागावर ओरखडे पडतात, आणि ऑइल बदलून किंवा सेन्सर दुरुस्त करून ते भरून निघत नाहीत. म्हणून सीव्हीटी असलेल्यांनी इंजिनचा दिवा लागलेला असताना गाडी जोराने पळवू नये, असे मी आवर्जून सांगेन.

निरीक्षक

आडवाट, नळी बदलल्यावरही दोष पूर्ण गेला नाही असे आपण लिहिले होते. त्याचे पुढे काय झाले?

आडवाट

त्याला दोन कारणे होती. पहिले असे, की गिअरबॉक्सचा संगणक प्रत्येक गिअर पडायला किती वेळ लागला हे मोजून पुढच्या वेळचा दाब थोडा-थोडा बदलत असतो. चुकीच्या माहितीवर तो आठ महिने शिकत आला होता. माहिती सुधारल्यावर त्याचे जुने शिकणे उलट अडचणीचे ठरले, आणि पहिल्या दोन दिवसांत तर चौथा गिअर झटक्याने पडू लागला. साठवलेले ते आकडे पुसावेत का, हा प्रश्न मी एका अनुभवी मेकॅनिकला विचारला. झिजलेल्या गिअरबॉक्सने आपली झीज सांभाळण्यासाठी जे शिकून ठेवलेले असते, तेही त्यात पुसले जाते आणि गाडी आधीपेक्षा वाईट चालू शकते, म्हणून आधी ऑइल पाहून मगच निर्णय घ्यावा, असे त्याने सांगितले. ऑइल तपकिरी झालेले होते, पण जळका वास नव्हता आणि तळाशी क्लचचा भुगाही नव्हता. ऑइल आणि फिल्टर बदलून मग ते आकडे पुसले, आणि निर्मात्याने सांगितलेल्या पद्धतीने, हलक्या पायाने, सगळ्या गिअरमधून गाडी पुन:पुन्हा चालवून संगणकाला नव्याने शिकू दिले.

दुसरे कारण असे, की झालेली झीज झालीच आहे. चढावर गाडी पूर्ण भरलेली असताना दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना आजही काटा पन्नासेक आरपीएमने हलतो. क्लच नवे नसल्याने तेवढे राहणार, हे मी स्वीकारले आहे. भेग पहिल्या महिन्यात सापडली असती, तर एवढेही राहिले नसते, याचे वाईट वाटते.

जुना कारागीर

पन्नास आरपीएम म्हणजे काळजीचे कारण नाही. पण तो आकडा लिहून ठेवा, आणि त्याच चढावर, तेवढ्याच भाराने आणि ऑइल तितकेच तापलेले असताना दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा पाहा. ऑइल ८० अंशांच्या वर गेल्यावरच तुलना करा, कारण थंड ऑइल घट्ट असते आणि गिअर वेगळेच पडतात. आणि नवी नळीही रबराचीच आहे. एअर फिल्टर बदलताना प्रत्येक वेळी ती हाताने वाकवून घड्यांच्या आत पाहा. इंजिनच्या मांडणीची रबरेही तपासून घ्या, कारण इंजिन गरजेपेक्षा जास्त कलत असेल, तर नवी नळीही त्याच जागी फाटेल.

आडवाट

मांडणीचा विचार माझ्या मनातच आला नव्हता. आज गाडीचे झाकण उघडून, एकाला ब्रेक घट्ट धरून हलकेच ॲक्सिलरेटर द्यायला सांगितला आणि मी बाजूला उभा राहून पाहिले. पुढची मांडणी स्पष्ट दिसेल इतकी उचलली जाते. ती आता बदलून घेतो. पुढच्या वेळी ऑइल काढले की तळाच्या चुंबकावर किती कीस जमला आहे, तेही इथेच लिहीन.